मोरीमागच्या मुंग्या

७ डिसेंबर १९८६

अक्कास सत्यभामेचा दंडवत.

माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडणार. पडू दे. शिरूरच्या लग्नाला अडीच वर्षं झाली, तेव्हापासून तू माझा निरोप घेतला नाहीस आणि मीही धाडला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, त्यात आपण दोघी एकाच आईच्या.

कारखान्याच्या गट ऑफिसच्या पत्त्यावर पत्र टाकते आहे. तुला वाचता येत नाही आणि आसारामदाजींनाही येत नाही. तुमच्या ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम शिकलेला आहे, त्याच्याकडून वाचून घे. परका माणूस वाचणार म्हणून बेताचंच लिहिते.

इकडे दुष्काळाचं तिसरं वर्ष. टँकर चार दिवसांनी येतो, तोही आला तर. हे दोन्ही म्हशी घेऊन नेकनूरकडच्या चारा छावणीत गेले आहेत. घरी मी, सासूबाई आणि मनू. मी अजून दूध डेअरीत फॅट काढायला जाते, पण दूधच नाही तर फॅट कशाची काढणार? चेअरमन म्हणतात, संक्रांतीपर्यंत डेअरी उघडी राहिली तरी खूप.

मनू दिवाळीनंतर जरा आजारी होती. बीडच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. आता बरी आहे. मधुमेह निघाला. नऊ वर्षांच्या पोरीला मधुमेह, ऐकलं होतंस कधी? मला वाटायचं तो पोट सुटलेल्या पुढाऱ्यांना होतो. रोज सकाळ-संध्याकाळ सुई द्यावी लागते. ती मीच देते, शिकले. औषधाची बाटली डेअरीच्या बर्फाच्या पेटीत ठेवते.

पत्र लिहायचं कारण एवढंच. तुझ्या छबूला तहान जास्त लागते का? लघवीला सारखी उठते का? खाऊनसुद्धा वाळते आहे का? या तीन गोष्टींचं उत्तर कार्डावर लिहून धाड. दुसरं काही लिहू नकोस, माझी खुशाली विचारू नकोस, चालेल मला.

तू म्हणशील, आता पोरीची चौकशी सुरू झाली, म्हणजे हिचा डाव आहे. डाव नाही अक्का. मनूच्या गळ्याची शपथ.

सत्यभामा


२६ डिसेंबर १९८६

अक्का,

एकोणीस दिवस झाले, कार्ड नाही. पोस्टमन मला बघून आता सायकल लांबूनच वळवतो.

तू चिडलेली आहेस हे मला मान्य आहे. चूक माझी होती. छबू बारा दिवसांची असताना मी तिला तुझ्या ओटीत घातली, सगळ्या भावकीसमोर, माझ्या हातानं. दोन पोरी एकदम झाल्या होत्या, तुझी कूस उजवत नव्हती, सासूबाई म्हणाल्या तसं केलं. आणि मग सात वर्षांनी शिरूरच्या लग्नात दोघींना दोन्ही बाजूंना उभं करून मी बायकांना म्हणाले, "बघा माझ्या दोन्ही लेकी." छबू माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि पळाली. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ती कडब्याच्या गंजीत लपून बसली होती. तू मला जे बोललीस ते अजून कानात आहे. "तुजी सावली बी माज्या लेकीवर पडू द्यायची न्हाई. आदी दत्तकाच्या कागदावर सही कर, मग भैन म्हन."

ते असू दे. आता नीट ऐक.

बीडच्या दवाखान्यात सुरैया म्हणून डॉक्टरीणबाई आहेत. बीडच्याच, वडिलांचा फळांचा व्यापार. वयानं माझ्याहून लहान पण जीव लावून सांगतात. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "असं समजा सत्यभामाबाई, रक्तात राखणदार असतात. पांढऱ्या पेशी. बाहेरचा जंतू आला की ओळखतात आणि मारतात. आपलं कोण आणि परकं कोण, हे त्यांना आधी शिकवलेलं असतं. छातीच्या हाडामागं त्यांची शाळाच असते म्हणा. तुमच्या मुलीचे काही राखणदार त्या शाळेत ते शिकलेच नाहीत. पोटात एक ग्रंथी असते, ती इन्सुलिन बनवते. इन्सुलिन असेल तर खाल्लेली साखर अंगी लागते, नाहीतर लघवीवाटे वाहून जाते. या राखणदारांनी त्या इन्सुलिनलाच दुश्मन ठरवलं. मग ते जिथं बनतं त्या पेशी हुडकून काढल्या आणि एकेक करून संपवल्या."

मी म्हटलं, "म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं."

"बिलकुल तसंच. आणि खाताना आवाज होत नाही. वर्ष, दोन वर्षं, कधी पाच-पाच वर्षं हे चालू असतं. पोर हसते, खेळते, शाळेत जाते. बहुतेक पेशी मेल्या की मग तहान लागते."

हे ऐकून मी विचारलं, हिची एक बहीण आहे, तिचं काय? त्यांनी लिहिणं थांबवलं. म्हणाल्या, "जुळी? अगदी एकसारखी?" मी हो म्हटलं. त्यांनी जाड इंग्रजी पुस्तक काढलं, पुन्हा मिटलं. म्हणाल्या, एकसारख्या जुळ्यांत एकीला झाला तर दर तीन जोड्यांतल्या निदान एका जोडीत दुसरीलाही होतो. आज नाही तर दोन वर्षांनी. परदेशात म्हणे आधीच कळतं. अंगानं इन्सुलिनच्या विरुद्ध जे हत्यार घडवलेलं असतं ते रक्तात सापडतं, पोर धडधाकट असतानाच. मी म्हटलं, मग काढा तिचं रक्त. तर म्हणाल्या, "ती तपासणी आपल्याकडं नाही बाई. आपल्याकडं तुमचे डोळे आहेत."

अक्का, माझे डोळे तिकडे नाहीत. तुझे आहेत.

तुमच्या टोळीसाठी माणसं घेऊन ट्रक निघाला आहे. त्याच्याबरोबर एक पुडकं धाडते. त्यात निळ्या औषधाची बाटली आणि काचेची नळी आहे. नळीत चमचाभर निळं औषध घाल, त्यात छबूच्या लघवीचे आठ थेंब टाक आणि दिव्यावर उकळ. निळंच राहिलं तर देवापुढे नारळ फोड आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा बघ. हिरवं, पिवळं होत होत विटेसारखं लाल झालं तर त्याच दिवशी पोरीला दवाखान्यात ने. दुसरा दिवस उजाडू देऊ नकोस.

रागाच्या भरात बाटली फेकू नकोस, एवढंच मागणं.

सत्यभामा


१८ जानेवारी १९८७

अक्का,

संक्रांतीला मी तुझ्या नावाचा तीळगूळ देवापुढे ठेवला. मनूला तो खाता येत नाही, ती नुसती बघत होती.

डेअरी बंद झाली. बर्फाची पेटी दूध संघाची माणसं घेऊन गेली. औषधाची बाटली आता ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवते. वाळू ओली ठेवायला पाणी लागतं, ते माझ्या वाटणीच्या पाण्यातून घालते. ते औषध जनावरांच्या पोटातल्या ग्रंथीतून काढतात असं सुरैयाबाई म्हणाल्या. सासूबाईंना मी हे सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं विलायती झाडपाला आहे.

तू उत्तर देत नाहीस कारण तुझा विश्वास नाही. बरोबर आहे. मीच लपवून लिहिलं तर तू कसा ठेवशील? मुकादम वाचतो तर वाचू दे. मनू 'जरा आजारी' नव्हती. तिला मी मारत होते.

दसऱ्यापासून तिला तहान लागत होती. टँकरचं पाणी सगळ्यांचं पिंपात असतं आणि गावात चोऱ्या होतात म्हणून सगळेच पिंपाला कुलूप लावतात. आमच्या कुलपाची किल्ली माझ्या मंगळसूत्रात ओवलेली. माणशी मोजून पाणी. मनू आपलं पिऊन माझं मागायची, मग आजीचं. मी म्हणायचे, "येवडी काहून पितीस गं? म्हस हाईस का?" एक दिवस ती शेजाऱ्यांच्या म्हशीच्या डोणीत तोंड घालून पिताना सापडली. शेजारीण दारात येऊन बोलली. मला लाज वाटली आणि मी तिला फोकानं मारलं. पाणीचोर म्हणाले. ती रडली, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. ते मी बघितलं, अक्का. बघितलं आणि वाटलं, निगरगट्ट झाली आहे कार्टी.

आणि मुंग्या. मोरीमागं जिथं पोरं लघवीला बसतात तिथं काळ्या मुंग्यांची रांग लागली. सासूबाईंनी आधी पाहिली. आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि म्हातारी हरखून गेली. "मुंग्या निगाल्यात, आता पाऊस येतुय." शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. मनकर्णाकाकूनं हळदकुंकू वाहिलं, सासूबाईंनी मूठभर पीठ टाकलं. मी पण हात जोडले. चार दिवस सगळी आळी पावसाची वाट बघत होती. एवढ्या कोरड्या जागेत मुंग्यांना गोड कुठून मिळतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी तर रोज नळ्या आणि दूध तपासणारी बाई. माझ्याही नाही.

पाचव्या दिवशी मनू उठेना. धाप लागलेली, हाक मारली तर ओळखेना. तोंडाला पिकून फुटलेल्या सीताफळासारखा वास. तशी खांद्यावर टाकून वडवणीला नेली आणि तिथून जीपनं बीडला. आणखी दोन तास उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, असं सुरैयाबाई म्हणाल्या.

त्या राखणदारांचं सांगत होत्या तेव्हा मी मान खाली घालून ऐकत होते. घरात राखणदार मीच होते. आपलं माणूस मला चोर वाटलं. दवाखान्यात पहिल्या दिवशी मनू शुद्धीवर आली तेव्हा तिनं नर्सला हळूच विचारलं, "पानी घेऊ का? आई मारंल." मी तिथंच उभी होते.

कागदाचं म्हणशील तर मी अजून सही केलेली नाही. खोटं कशाला बोलू? दवाखान्यात एक रात्र अशी होती की माझ्या मनात आलं, ही गेली तर दुसरी माझीच आहे, तिला घेऊन येईन. आलं मनात. आता येत नाही. पण आलं होतं म्हणून लिहिलं, कारण आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही.

मी स्वतः निघाले असते. पण मनूला दोन्ही वेळा सुई देणारं घरात दुसरं कुणी नाही. पाया पडते, नळी उकळून बघ.

सत्यभामा


९ फेब्रुवारी १९८७

छबू बाळ,

हे पत्र तुला आहे. आईला नंतर वाचून दाखव. आधी तू एकटी वाच.

काल तुमच्या टोळीतला गहिनीनाथ गावी आला. त्याची आजी वारली म्हणून आला. मी त्याला अडवून विचारलं, माझी बहीण माझी पत्रं फाडते का रे? तो हसायला लागला. म्हणाला, "फाडती कशाला? केशरअक्का तर लई खुशीत हाय. समद्या कोप्यांत सांगत फिरती, भैनीचा राग गेला म्हनून. तीळगूळ ठेवला, म्हशी बऱ्या हायेत, मनू पयला नंबर आली. छबी वाचून दावती ना समदं."

इतके दिवस मला वाटत होतं मुकादम वाचतो. ऊसतोडीवर कुठली शाळा, पण तू तिसरी पास होऊन गेलीस हे माझ्या डोक्यातूनच गेलं. म्हणजे ती तिन्ही पत्रं तू वाचलीस. आणि आईला दुसरंच काहीतरी वाचून दाखवलंस.

मी रागावले नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही तसंच केलं असतं. मी तिसऱ्या पत्रात लिहिलं होतं की तुला घेऊन येईन असं माझ्या मनात आलं. ते नऊ वर्षांच्या पोरीनं एकटीनं पाचटाच्या कोपीत, त्या एवढ्याशा झोपडीत बसून वाचलं. मला आता ते शब्द परत घेता येत नाहीत.

गहिनीनाथानं आणखी तीन गोष्टी सांगितल्या. निळी बाटली तू शाळेची शाई आहे म्हणून सांगून ठेवून दिलीस. तू सारखी कॅनॉलवर पाण्याला जातेस आणि तुझा झगा तुझ्या अंगावर राहत नाही इतकी वाळलीस. आणि तुमच्या कोपीमागं मुंग्यांची रांग आहे. तुझे बाबा म्हणतात, उसाचा रस सांडतो म्हणून. तिकडे कॅनॉलला पाणी आहे, कुलूप नाही, तुला कुणी चोर म्हणत नाही. म्हणून तुझी तहान कुणाच्या नजरेत येत नाही. पण तू पत्र वाचलं आहेस. तुला ठाऊक आहे बाळ. आईला सांगितलं तर मावशी येऊन घेऊन जाईल, म्हणून तू गप्प आहेस.

ऐक. गहिनीनाथ उद्या पहाटेच्या गाडीनं परत निघतो. हे पत्र तो तुझ्याच हातात देईल आणि तू वाचून होईपर्यंत बाजूला थांबेल. मग तो तुझ्या आईला तोंडी सगळं सांगणार आहे. तार केली असती, पण ती वाचणार तूच. आधी त्यालाच सांगायला लावलं असतं, पण शिरूरची गंजी मला आठवते. तिकडे तर मैल-मैल ऊस आहे. तू उसात जाऊन लपलीस तर शोधून काढेपर्यंत उशीर होईल. मनूला उठता येईना झालं होतं ते मुंग्या दिसल्यापासून पाचव्या दिवशी. तुझा कितवा दिवस आहे, मला माहीत नाही. म्हणून पळू नकोस.

या पत्राला एक कागद टाचला आहे. सरपंच सुंदररावांच्या समोर मी त्यावर सही केली, मनूच्या वडिलांनीही छावणीतून येऊन सही केली. तुला वाचता येतो, नीट वाच. त्यात लिहिलं आहे की छबू ही केशरबाई आणि आसाराम यांची मुलगी आहे आणि सत्यभामेचा तिच्यावर काही हक्क नाही, आज नाही आणि पुढेही नाही. हा कागद तुझी आई अडीच वर्षं मागत होती. हा मी तिला नाही देत, तुला देते. जवळ ठेव. मी कधी दारात आले तर हा माझ्या तोंडासमोर धर.

लिहिताना मला रडू आलं हे खरं. दुसऱ्यांदा देते आहे तुला. पण या वेळी कुणी सांगितलं म्हणून नाही.

मी तुझी मावशी आहे. मावशीच.

आता ऊठ, आईला हाक मार, आणि चारही पत्रं खरी-खरी वाचून दाखव. तिनं मारलं तर मार खा. मग ती शाई काढ.

तुझी मावशी
सत्यभामा


कार्ड, १३ फेब्रुवारी १९८७

मावशीस छबूचा नमस्कार.

तुमचं पत्र भेटलं. मी पळाले न्हाई. आईला चारी पत्रं वाचून दावली, आदीची पाचटाखाली ठिवली होती. आईनं मारलं न्हाई, लई रडली. मग नळी उकळली. आदी हिरवी झाली मग पिवळी मग विटंसारखी. बाबा पळत कारखान्याच्या ऑफिसात गेले आन् जीप घिऊन आले.

मी दवाखान्यात हाय. तीन दिवस झाले. काल उठून बसले. पानी लागंल तेवडं देत्यात. तुमचा कागद आईनं कमरंच्या पिशवीत ठिवला हाय. आई म्हन्ती तुमी या, कागद काय दाखवायचा न्हाई.

उद्यापासून आई मला सुई देनार हाय. डाक्तर तिला लिंबावर टोचून शिकवत्यात. मनूला इचारा आन् लगीच कळवा, सुई लई दुकती का.

छबू आसाराम